आवळलेलं टॅपेट

दादाच्या मोटारसायकलचं टॅपेट मी आवळलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

दादा खुरासणीचा, म्हणजे काळ्या तेलबियांचा, व्यापार करायचा. जव्हारहून निघून मोखाड्याकडच्या पाड्यापाड्यांवर सौदे करत फिरायचा. त्यासाठी त्याने एका सिलिंडरची जड, जुनी मोटारसायकल घेतली होती. मी साखरशेतच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि घरी दादाच्याच छत्राखाली राहत होतो. गाडीवर त्याचा फार जीव. मला ती फक्त पुसायला मिळायची.

बाजारात एक मुसलमान मिस्त्री होता. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सळीची फट लावायचं, काम तो गरम इंजिनावर करायचाच नाही; तापलेल्या इंजिनात फट खरी कळत नाही, म्हणायचा. गाडी संध्याकाळी त्याच्याकडे सोडायची आणि सकाळी, इंजिन पार गार झाल्यावर, तो हात लावणार. पिस्टन वर आणून ठेवायचा, बाजूचं झाकण काढायचा आणि आतली सळी दोन बोटांत धरून फिरवून बघायचा. ती बोटांत सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. तेवढीच फट. लोक वैतागायचे. एका टॅपेटसाठी गाडी रात्रभर अडकवून ठेवतो म्हणून त्याची चेष्टा व्हायची.

एकदा टॅपेट लावून झालेली गाडी सकाळी दुकानातून घेताना दादाचं तोंड वाकडं.

“मिस्त्री, ही टकटक करते हो.”

“करू द्या शेठ. जरा बोलू द्या तिला. पार गप बसली तर व्हॉल्व्ह जळेल.”

“बाजारात बोलायला मी आहे की. तिने कशाला बोलायचं?”

मिस्त्री हसला, पण झाकण पुन्हा उघडलं नाही. दादा घरापर्यंत कुरकुरत आला.

दोन-तीन दिवसांनी दादा मोखाड्याहून परतला आणि आंघोळीला गेला. मला वाटलं, आपण त्याला खूश करावं. पाना घेतला, झाकण काढलं. इंजिनाला हात लाववत नव्हता इतकं ते तापलेलं. थोडं आवळायचं, किक मारायची, ऐकायचं, पुन्हा आवळायचं. शेवटी आवाज गेला. मग मिस्त्रीसारखी सळी बोटांत धरून पाहिली. ती फिरेना. मिस्त्रीला मी पुष्कळदा पाहिलं होतं, सळी फिरली नाही म्हणजे फट उरली नाही आणि व्हॉल्व्ह जळणार, हे मला माहीत होतं. तरी झाकण लावून टाकलं.

दादा डोकं पुसत बाहेर आला. “ऐकलंस? चालून चालून बसलं टॅपेट. उगाच मिस्त्रीला बोललो.” मी पाना हळूच डब्यात टाकला. त्याचा आनंद बघून बरं वाटलं, हेही खरं.

पुढे मोखाड्याच्या चढावर गाडीचा दम गेला. सायलेन्सरमधून फटफट आवाज, मग किक पोकळ लागायला लागली. दादाने ती टेम्पोत घालून थेट मिस्त्रीच्या दुकानापुढे उतरवली. मी सोबत होतो. दुकानात चार माणसं चहा पीत बसलेली.

मिस्त्रीने झाकण काढलं, सळीला बोट लावलं आणि थांबला. “शेठ, हे मी असं सोडलेलं नाही.”

“मग काय घुशींनी आवळलं?”

“घरात कुणी हात लावला असेल.”

“घरात मी आणि हा मास्तर. याला सायकलचं पंक्चर काढता येत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्री मात्र माझ्याकडे बघत होता.

“मास्तर?” एवढंच त्याने विचारलं.

“मला काय कळतं त्यातलं,” मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली आणि इंजिनाचं हेड खोलायला घेतलं. व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून खाल्ली गेलेली निघाली. नवा व्हॉल्व्ह घासून बसवला, गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी टॅपेट लावून दिलं. नेहमीसारखंच. त्यावर एक शब्द बोलला नाही.

बोलला तो दादा. गावात मोटारसायकली थोड्या आणि त्यांचे मालक दादाच्या उठण्याबसण्यातले. “त्याच्या हातात गाडी देऊ नका, व्हॉल्व्ह जाळून ठेवतो.” हळूहळू गाड्या नाशकाला जायला लागल्या. मिस्त्रीकडे सायकली आणि स्टोव्ह उरले. मी रस्त्यात भेटलो की तो “सलाम मास्तर” म्हणायचा, त्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. पुढे दुकान बंद करून तो भिवंडीला यंत्रमागांच्या कामावर गेला. तिथेच वारला असं कळलं.

दादा आता थकलाय. गाडी केव्हाच विकली. पण घरातला पंखा अडला, पंप बिघडला, तर अजून म्हणतो, “त्या मिस्त्रीने केलेला दिसतोय.” मुलं हसतात. मी पेपर तोंडासमोर धरतो.

दादा छापलेलं वाचत नाही, त्यामुळे हे लिहून माझं काम होणार नाही. टॅपेट मी आवळलं, गरम इंजिनावर आवळलं आणि दुकानात खोटं बोललो, हे मला त्याला समोर बसून सांगायचं आहे. मिस्त्रीचं एवढं देणं अजून माझ्याकडे आहे.