उत्तमने एकदाच माझं ऐकलं

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. दारव्ह्याच्या बस आगारात नियंत्रण कक्षाच्या खिडकीशी बसून मी उमरखेडच्या गाडीची सुटायची वेळ लिहीत होतो. कमलावहिनी, उत्तमच्या पत्नी, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे उठून नाही राह्यले." मी विचारलं, केव्हापासून? चहा घेतला, खुर्चीत बसले आणि मान पडली, असं त्या म्हणाल्या. त्यांचं घर आगारापासून साडेसहाशे मीटरवर आहे. मी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन निघायच्या बेतात होते. हृदयविकार. वय अठ्ठावन्न वर्षं, साडेसहा महिने. नोकरीतून निवृत्त होऊनही त्याला तेवढेच महिने झाले होते...

पुढचे दहा-बारा दिवस त्या घरी जो कोणी भेटायला आला त्याने मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली. "बरं झालं वानखडे साहेब, तुमी त्याले मार्चात जाण्यापासून अडवलं. परमुलखात गाडीवरून पडला असता तं कोणाले पत्ता लागला असता? घरच्या खुर्चीत गेला, नशीबवान." असं सांगणारे वीसेक जण तरी असतील. मी प्रत्येकापुढे मान हलवली. आज सहा आठवड्यांनी हे लिहायला बसलो आहे, कारण मान हलवायचा मला वीट आला आहे. मी उत्तमला अडवलं ही गोष्ट खरी आहे. ते बरं झालं की नाही, याचा मात्र माझा हिशेब वेगळा येतो.

उत्तम आमच्या आगाराचा चालक, मी वाहतूक नियंत्रक. एकोणीस वर्षांपूर्वी मी बदली होऊन दारव्ह्याला आलो तेव्हाची ओळख. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर एकही अपघात नव्हता. गाडी आणायचा ती वेळेवर. चार मिनिटं उशीर झाला तर खिडकीशी येऊन चारही मिनिटांचं कारण सांगायचा. एवढा शिस्तीचा माणूस वर्षातून एकदा रजा टाकायचा, त्याच्या दीडशे सीसीच्या मोटारसायकलला मागे एक पिशवी बांधायचा आणि एकटाच निघून जायचा. आदिलाबाद, बिदर, रायचूर, एकदा पार चित्तोडपर्यंत. अकरा वर्षांत अकरा फेऱ्या, चौदा हजार दोनशे किलोमीटर. हा आकडा माझा आहे. परत आला की मीटर मी बघायचो, त्याने एकदाही बघितला नाही.

एकटाच काहून जातोस, असं मी त्याला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. "वर्सभर माह्या मांगं पन्नास माणसं बसून राह्यतात, भाऊ. कोणाले उतराचं असते, कोणाले वकाऱ्या येते, कोणी म्हणते हळू हाक, कोणी म्हणते जोरात हाक. पंधरा दिवस मांगं कोणीच नको." मग मी म्हणालो, निदान मुक्काम ठरवून जा, मी वेळापत्रक करून देतो. त्यावर तो आगारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा हसला. "घ्या! रजेवरही कंट्रोलर सोबत न्या म्हणते!"

तरी मी करून द्यायचो. गावागावातलं अंतर, ताशी पंचेचाळीसचा वेग, दर दोन तासांनी वीस मिनिटं विश्रांती, मुक्कामाच्या लॉजचा फोन नंबर. कागद तो घडी करून खिशात ठेवायचा आणि त्यातली एक ओळही पाळायचा नाही. मला राग यायचा. माझी बायको म्हणायची, "तुमाले कोणी सांगतलं का हे? त्याचं पोट दुखत नाही, तुमचंच दुखून राह्यलं." पण तो निघाला की माझं आगारात लक्ष लागायचं नाही, हे खरं. त्याचा फोन एकतर बंद असायचा, नाहीतर पिशवीच्या तळाशी.

चौथ्या फेरीच्या वेळी तो होस्पेटच्या बाजूला गेला होता. माझ्या कागदाप्रमाणे दुपारी तीनला त्याने लॉजवर पोचायला हवं होतं. संध्याकाळी साडेसातपर्यंत मी त्या लॉजवर पाच वेळा फोन केला. मॅनेजर कानडीत काहीतरी बोलून फोन ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन. "वानखडेभाऊ, मजेत हाय."

"कुठं आहेस तू?"

"मले काय माहीत? जेवून राह्यलो."

झालं होतं असं की संध्याकाळी एका फाट्यावर टायर पंक्चर झाला. आजूबाजूला सगळ्या पाट्या कानडी. उत्तमला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी जवळून गेली आणि मागच्या बाईला काहीतरी म्हणाली. ते उत्तमला कळलं! कळलं, कारण ती त्याच्या घरातलीच बोली होती. उत्तम बंजारा, दारव्ह्याजवळच्या तांड्यात वाढलेला. घरात गोर बोली, बाहेर आमच्यासारखी वऱ्हाडी. ज्यांचे पणजोबा बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरले त्यांचे तांडे जागोजागी बसले, आणि बोली सगळीकडे तीच राहिली. म्हातारीने त्याला तिथेच उभं करून नाव, गाव, कूळ विचारलं. तिच्या नवऱ्याचं आणि उत्तमचं कूळ एकच निघालं. म्हणजे हा तिच्या मुलासारखा, आणि ती त्याची याडी, आई. गाडी ढकलत त्याला तांड्यात नेलं. तिथून पुढे त्याने लॉजचं नाव काढलं नाही. जाईल त्या मुलखात आधी तांडा शोधायचा, कूळ सांगायचं, जेवायला बसायचं. त्याची वाट अशी होती, आणि मी मात्र सात वर्षं त्याला लॉजचे नंबर लिहून देत राहिलो.

त्या म्हातारीकडे तो नंतर आणखी दोनदा गेला. दर वेळी ती म्हणायची, होळीला ये. तांड्यावरची होळी म्हणजे नाच, गाणी, सगळ्या नात्यातल्यांनी एकत्र येणं. पण होळीच्या दिवसांत गाड्यांना गर्दी, चालकाला रजा मिळायची नाही. रजेच्या अर्जावर शिफारस मीच करायचो, त्यामुळे हे मला पक्कं माहीत आहे. "रिटायर झालो की पहिली होळी याडीकडे," असं तो तीन-चार वर्षं म्हणत होता.

जानेवारीत तो निवृत्त झाला. फेब्रुवारीत मी त्याच्या अंगणात गेलो तेव्हा तो गाडीची साखळी साफ करत होता. मी तयारी करूनच गेलो होतो. त्याचा रक्तदाब एकशे साठ आणि शंभर, हे मला कमलावहिनींनी सांगितलं होतं. तिकडे मार्चात अडतीस-एकोणचाळीस अंश तापमान. मागचा टायर अठ्ठावीस हजार चाललेला. जाऊन-येऊन चौदाशे किलोमीटर.

"चौतीस वर्सं ष्टेरिंग धरलं, भाऊ. एक खरचटा नाही," तो म्हणाला.

"बसमध्ये कंडक्टर असतो, मागे माणसं असतात. तुला इथं चक्कर आली तर कोण बघणार?"

"कोणीतरी पाह्यतेच ना. माणसं काय फक्त बसमधीच बसतात काय?"

"थट्टा नको. आधी तपासणी कर, गोळ्या सुरू कर, टायर बदल. दिवाळीनंतर जा. तेव्हा गारवा असतो."

"दिवाळीनंतर होळी असते काय?"

"होळी पुढच्या वर्षीही येते."

त्याने फडकं साखळीवरून काढून त्याची घडी केली.  मी पुढच्या थट्टेची वाट बघत होतो... "बरं," तो म्हणाला, "एक डाव तुमचं ऐकतो." मला इतका आनंद झाला की घरी येऊन बायकोला सांगितलं, उत्तम शेवटी माणसात आला. तिने विचारलं, "खरंच हो म्हणला? आजारी-बिजारी तं नाही ना?" मी हसण्यावारी नेलं.

होळीनंतर उत्तम एकशे सत्तावन्न दिवस जगला. हा आकडा मी किती वेळा मोजला असेल, सांगता येत नाही. होळी करून परत यायला त्याला पाच दिवस लागले असते, म्हणजे येऊनसुद्धा एकशे बावन्न दिवस उरत होते. त्याने गोळ्या सुरू केल्या होत्या. टायर बदलला होता. ज्या तीन गोष्टींसाठी मी अडवलं त्यांतल्या दोन त्याने नीट केल्या, तिसरी हवामानाची होती. आणि तरी तो घरात, पंख्याखाली, खुर्चीत गेला. अकरा वर्षं माझा एकही कागद पाळला नाही, तेव्हा सुखरूप परत येत होता. चिडचिड होते ती याची. काही दिवस मी त्याच्यावरच चिडलो होतो. ऐकायचंच होतं तर हेच काहून ऐकलंस? मग कळलं की ज्याच्यावर चिडायचं तो माणूस सकाळी आरशात भेटतो.

मागच्या रविवारी माझा फोन वाजला. पलीकडे शंकर, त्या म्हातारीचा मुलगा. उत्तमने कधीतरी माझा नंबर त्याला देऊन ठेवला होता. गोव्यात बांधकामावर राहून हिंदी शिकलेला. "भाईसाब, उत्तम भिया का फोन नहीं लग रहा. होली को भी नहीं आए. याडी रोज पूछती है." सहा आठवड्यांत तिकडे कळवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. याद्या करणारा माणूस मी! फोनवर सांगणं मला जमलं नाही. दहा मिनिटांनी करतो म्हणालो आणि चालत कमलावहिनींकडे गेलो.

वहिनींनी फोन मांडीवर ठेवून स्पीकर सुरू केला आणि त्यांच्या बोलीत सांगितलं.  मग म्हातारीचा आवाज आला, रडण्यातून गाणं निघावं तसा, लांब, चढत जाणारा, आणि त्यात मध्ये मध्ये उत्तमचं नाव. ते त्यांच्यातलं मरणाचं रडणं. वहिनीही त्यात मिळाल्या. सुतकाच्या बारा दिवसांतही त्या अशा रडल्या नव्हत्या. मी दाराशी बसून राहिलो. मला त्यातलं नावच तेवढं कळत होतं.

आवाज थांबल्यावर मी म्हणालो, "वहिनी, त्यांना सांगा, होळीला तो येणार होता. मी अडवलं."

"कायले सांगता भाऊ? आता काय फरक पडते?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. पलीकडून छोटासा प्रश्न आला. "इचारतात, काहून अडवलं?" मी कारणं सांगितली. रक्तदाब, ऊन, टायर. वहिनींनी ती तिकडे पोचवली. 'टायर' हा शब्द तसाच गेला आणि त्या एवढ्या दूरच्या अंगणात तो किती फालतू वाटला असेल, हे मला इथे बसून कळलं. म्हातारी बोलू लागली. बराच वेळ बोलली. वहिनी माझ्याकडे बघेनात.

"काय म्हणतात?"

"जाऊ द्या ना, भाऊ. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं."

"वहिनी, सांगा."

"म्हणतात, तुमी चुकले. येऊ द्याचं होतं त्याले. मराचंच होतं तं इथं का त्याचं घर नोतं?"

सहा आठवड्यांत मला चुकलास म्हणणारं हे पहिलं माणूस. मी मान हलवली. या वेळी मनापासून.

मग शंकरने फोन घेतला. आईच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका, असं काहीबाही म्हणाला. भियासाठी होळीला अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकली होती, ती तिने अजून उचलू दिलेली नाही. पाऊस आला की ओसरीत घ्यायची, उघडीप झाली की पुन्हा लिंबाखाली.  मी विचारलं, बाज आत्ता कुठे आहे?

"आज धूप है, भाईसाब," तो म्हणाला. "बाहर ही है."