आईंचा न्हाणीचा दगड

आमच्या कॉलनीत कुणी बाथरूम फोडायला घेतलं की आधी मला फोन येतो. टाइल्स मोठ्या घ्या म्हणजे सांधे कमी, जाळीकडे उतार नीट काढून घ्या, आरसा नळापासून लांब लावा – सगळं मी पाठ असल्यासारखं सांगते. कुणी घरीच आलं तर आमचं बाथरूम दाखवते. गेली सहा वर्षं दाखवते आहे. त्या बाथरूमबद्दलची एक गोष्ट मात्र मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्यालाही नाही.

तुम्हाला सांगते. पण आधी बाथरूमबद्दलच बोलू दे, म्हणजे मला जरा सुरुवात करता येईल.

मी याद्या करणारी बाई आहे. बाथरूमचं काम काढलं तेव्हा वहीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं – जमिनीला काहीही टेकता कामा नये. बादली हुकावर, ब्रश भिंतीवर, कमोडसुद्धा भिंतीतून निघालेला. जमिनीवर काही नसलं की पाणी अडत नाही. पाणी अडलं नाही की बुळबुळ धरत नाही. सकाळी एकदा वायपर फिरवला की झालं. आठ मिनिटांचं काम. हे अजूनही खरं आहे, आणि मी ते अजूनही सगळ्यांना सांगते.

जुन्या बाथरूमच्या कोपऱ्यात मात्र एक दगड होता.

सासूबाईंचा. आम्ही त्यांना आई म्हणायचो. सासरे गेल्यावर गावाकडचं, देवळ्याचं शेत वाटण्यांमध्ये गेलं आणि आई कायमच्या नाशिकला आमच्याकडे आल्या. पुतण्याच्या पिकअपमधून, दोन पत्र्याच्या पेट्या आणि हा दगड घेऊन. विहिरीजवळचा काळा दगड, दीड हात लांब, मधोमध झिजून खोलगट झालेला. त्यावर बसून त्या आंघोळ करायच्या, त्यावरच टाचा घासायच्या, आपलं लुगडं त्यावरच आपटायच्या. तासभर चालायचं. आत स्वतःशीच काहीतरी बोलायच्या, मधूनच हसायच्या. मी बाहेर घड्याळ बघायची.

आणि दर रविवारी तो दगड मी उचलायची. खाली काळा थर, कधी झुरळ. पाठीत चमक भरायची. मला तो दगड नको होता – कारण म्हणाल तर एवढंच.

बाथरूम फोडायचं ठरलं तेव्हा आईंना पंधरा दिवस येवल्याला, नणंदेकडे पाठवलं. जाताना त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, “मना दगड नीट ठेवजो.” मी म्हटलं, “हो आई.”

हे मी म्हटलं होतं. विसरले नव्हते.

आमचा गवंडी सुकदेव. शांत माणूस, हात स्वच्छ, काम झालं की जागा स्वतः झाडून जाणारा. पहिल्याच दिवशी त्यानं दगड उचलून पॅसेजमध्ये गोणपाटावर ठेवला आणि विचारलं, “ताई, हा परत बसवायचा ना?” मी म्हटलं, मलब्यात टाका. त्यानं दगडावरून हात फिरवला. “धड आहे हो ताई. टाकायचाच असला तर मी घरी नेऊ का?” मी म्हटलं, न्या. वहीतली एक ओळ खोडली. खरं सांगू? बरं वाटलं.

आईंना काय सांगायचं, ते मात्र कुठल्याच यादीत लिहिलं नव्हतं.

आई परतल्या तेव्हा सुकदेव जाळीचं झाकण बसवत होता. शेवटचा दिवस. त्या टॉवेल खांद्यावर टाकून थेट बाथरूमच्या दारात गेल्या आणि मागे वळल्या. “मना दगड कोठे शे?”

“तोडताना फुटला, आई,” मी म्हटलं.

इतकं सहज आलं तोंडून – जणू तयारच होतं. तयार होतं का? मला खरंच माहीत नाही.

आई सुकदेवकडे वळल्या. “तुले डोया शेतस का नही रे? मन्या सासूना दगड व्हता तो! तुन्या मायना असता तर फोडता का रे असा?” बरंच बोलल्या. त्याच्या हाताला नावं ठेवली, कामाला नावं ठेवली. तो उकिडवा बसलेला होता, हातात थापी. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं, मी काही बोलते का ते पाहिलं. मी वायपर हुकाला अडकवत होते.

मग तो म्हणाला, “हो आजी. माझ्याच हातून सुटला.”

एवढंच असतं तर मी कदाचित कधीतरी सांगून मोकळी झाले असते. पण महिन्याभरानं समोरच्या जाधववहिनी आल्या. त्यांना किचनचा ओटा करायचा होता, गवंडी कसा आहे विचारत होत्या. आई तिथेच लसूण सोलत बसलेल्या. मी म्हटलं, “काम सुबक आहे, पण वस्तू सांभाळत नाही.” वहिनींनी दुसरा माणूस लावला. आमच्या बिल्डिंगमध्ये सुकदेवला त्यानंतर काम मिळालं नाही.

आईंसाठी मी प्लास्टिकचं स्टूल आणलं. त्या गुळगुळीत टाइलवर ते सरकायचं, म्हणून त्या एका हातानं नळ धरून बसायच्या. लुगडी मशीनमध्ये जाऊ लागली. आंघोळ दहा मिनिटांत उरकू लागली. आतून बोलणं ऐकू येईना. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा – पाणी किती वाचतं बघा!

उन्हाळ्यात आईंनी कुरडया घातल्या. एक डबा वेगळा काढून झाकणाला दोरा बांधला. म्हणाल्या, “हाऊ त्या गवंडीले. त्या पोऱ्याले मी फार बोलनू. दगड काय, कोन्ही बी हातथून फुटस. मन्हीच चूक व्हयनी. त्याले फोन लाव.”

मी काय केलं असेल? फोन माझ्या हातातच होता. मी म्हटलं, तो गावाकडे गेलाय, नंबर लागत नाही.

त्या दर पंधरा दिवसांनी विचारायच्या. डबा फडताळात तसाच. शेवटी दिवाळीत त्या कुरडया मीच तळल्या. सगळ्यांनी खाल्ल्या. आईंनी एकही तोंडात घातली नाही.

शेवटचे चार महिने मी त्यांना आंघोळ घालायची. खुर्चीवर बसवून. नळाऐवजी त्या आता माझा खांदा धरायच्या, घट्ट. अंग अगदी हलकं झालं होतं. मी पाय चोळायची तेव्हा पायांकडे बघून हसायच्या – “आते मन्या टाचा शहरी व्हई ग्यात.” खरंच, लहान मुलीसारख्या मऊ झाल्या होत्या टाचा. माझा जीव जडला होता हो त्यांच्यावर. हे मी सबब म्हणून सांगत नाही. जीव जडलेला असूनही सांगितलं नाही, म्हणून सांगते.

एका सकाळी, डोक्यावरून पाणी ओघळत असताना, त्यांनी विचारलं, “तो पोऱ्या ऊना का गावथून?”

दार बंद होतं. आत आम्ही दोघीच. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. याहून सोपी वेळ कुणाला मिळते?

“नाही आई,” मी म्हटलं, आणि पुढचा तांब्या ओतला.

पुढच्या महिन्यात त्या गेल्या. एका भल्या माणसाला आपण उगाच टाकून बोललो, हे मनात घेऊन गेल्या.

परवा द्वारका चौकाच्या सिग्नलला सुकदेव दिसला. मोटरसायकलवर, पाठीला हत्यारांची पिशवी. मला वाटलं, तोंड फिरवेल. त्यानं गाडी माझ्या गाडीजवळ घेतली. “ताई, आजी कशा आहेत?”

मी सांगितलं, गेल्या. दोन वर्षं झाली.

त्यानं पाठीवरची पिशवी सावरली. मग म्हणाला, “दगड आहे बरं का अजून. माझी आई बसते त्यावर.”

कुरडयांचं सांगायचं होतं. आईंनी तुमची माफी मागितली होती, हेही. सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. मी “बरं” म्हटलं आणि गाडी पुढे काढली.

दगड फुटला नव्हता. सुकदेवच्या हातून काही सुटलं नव्हतं. आईंची काही चूक झाली नव्हती. तिघांच्या नावावर जे आहे, ते सगळं माझं आहे.

आज सकाळीही बाथरूम पुसलं. आठ मिनिटं लागली. दगड होता त्या कोपऱ्यात आता पाणी थांबत नाही.