फूल आलं की करायचा फोन

सिस्टर कुंडीतल्या मातीत बोट घालायच्या आणि डोळे मिटायच्या. आजाऱ्याची नाडी पाहावी तसं. मग बोट पदराला पुसत म्हणायच्या, "पाणी नको म्हणून राहिलं. राहू दे."

दवाखान्यातून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी हिंगोलीत आमच्या गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. मी त्यांच्याकडे धुण्याभांड्याला होते. मालक वारलेले, मुलगा पुण्याला. घरात बोलायला त्या आणि ऐकायला ती कुंडी. मी असायचे, पण मी फार बोलणारी नाही.

कुंडीत बिनकाट्याचं निवडुंग होतं. तुम्ही कुठं पाहिलं असेल तर ओळखाल. चपटी पानं, एकाच्या टोकाला दुसरं अडकवलेलं, आणि थंडीत नाताळच्या सुमाराला टोकांना लोंबणारी गुलाबी फुलं. सिस्टरसोबत नोकरीला असलेल्या मैत्रिणीनं, जालन्याला परत जाताना, त्याचं एक कांडं दिलेलं. पहिलं कांडं सिस्टरनी आपल्या काळ्या मातीत लावलं आणि ते सडलं. मैत्रिणीनं दुसरं पाठवलं. मग वाळू, विटांचा चुरा, पालापाचोळा असं मिसळून ते जगवलं. उन्हाळ्यात कुंडी माठाच्या गारव्याला असायची, एरवी ओसरीत जाळीच्या आत.

दोघींचं एक ठरलेलं होतं. फूल आलं की सिस्टरनी फोन करायचा. वर्षातून तेवढाच एक.

मालक गेल्यावर मात्र झाडाला फूल येईना. पानं हिरवीगार, पण कळी नाही. मी एकदा भीत भीत विचारलं, "सिस्टर, काहून येत नसंल?"

"मला ठाऊक आहे काहून," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधीपासून त्याला रात्रभर अंधार लागतो. जरा बी उजेड नको. अन् मी ओसरीतला बल्ब सकाळपर्यंत चालू ठेवते." मग हसल्या. "त्याला अंधार पाहिजे, मला उजेड. आता कोणी कोणाचं ऐकावं, सांग."

एकट्या घरात त्यांना अंधाराची भीती वाटायची. मला कळत होतं.

"मग तसाच करा की फोन," मी म्हणाले.

"तसाच? बिनकामाचा फोन गेला तर ती घाबरंल ना. म्हणंल, कोण गेलं? आमी दोघी उगीच कधी बोललोच न्हाई गं."

त्या वर्षी फोन झाला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर मी घरून कोंबड्या झाकायचं डालगं नेलं. रिकामी टोपलीच ती, पण मोठी. ते कुंडीवर पालथं घातलं आणि वरून काळं घोंगडं टाकलं. सिस्टर हसत सुटल्या. "आता हे अंडी देतंय का काय बाई!"

रोज दिवस मावळायला मी झाकायला जायचे आणि सकाळी कामाला आले की काढायचे. संध्याकाळी त्या माझ्यासाठी चहा ठेवायच्या. ओसरीत बल्ब लागलेला, मधे झाकलेली कुंडी, दोन बाजूंना आम्ही दोघी. फार काही बोलायचो नाही. माझ्याही घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

आणि कळ्या आल्या. आधी मोहरीएवढ्या, मग गव्हाच्या दाण्यासारख्या. सिस्टर कोणाला जवळ जाऊ देईनात. एक दिवस मागच्या घरची बाई साखर मागायला आली आणि ओरडली, "अगं बया! किती कळ्या!"

झालं. सिस्टरनी मीठमोहरी ओवाळली आणि आणखी कोणाची नजर लागू नये म्हणून कुंडी उचलून स्वयंपाकघरात ठेवली, गॅसशेजारी. कळ्या धरल्यावर कुंडी जागची हलवायची नसते, हे मला त्यांनीच सांगितलेलं. ओट्यावर रोज थोड्या थोड्या कळ्या गळून पडलेल्या दिसायच्या. शेवटी एकही राहिली नाही.

"लेकरासारखं झालं होतं गं ते. मला सुचलंच न्हाई," एवढंच म्हणाल्या. कळ्या वेचून त्यांनी एका वाटीत ठेवल्या.

नाताळ उलटून गेल्यावर एका दुपारी मी भांडी घासत होते. आत फोनचा आवाज मोठा करून त्या बोलत होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं.

"फूल आलं का गं?" पलीकडून थकलेला आवाज आला.

"आलं की! लई आलं. नुसतं गच्च."

"माझं बी आलं बघ. औंदा बराबर आलं."

मग तब्येती झाल्या, सुना झाल्या, जुने डॉक्टर झाले. सिस्टर इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून त्या दारात आल्या. ओल्या हातानं मी तशीच उभी.

"तिचं झाड उन्हाळ्यातच वाळलं," त्या म्हणाल्या. "आत्ता आधी फोन तिच्या सुनेनं उचलला, तिनं सांगितलं."

"मंग?"

"मंग काय. आलं म्हणाली ना ती."

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना कुंडी त्यांनी माझ्या हातात दिली. "बोट घालून पाहत जा," म्हणाल्या. पावसाळा सरता सरता त्या तिकडंच वारल्याचं मागच्या घरच्या बाईनं सांगितलं. तिलाही कोणीतरी सांगितलेलं.

माझं घर एका खोलीचं, पत्र्याचं. दिवस मावळला की मी जेवते आणि दिवा घालवते. झाडाला लागतो तेवढा अंधार माझ्याकडे आहे.

यंदा फुलं आली आहेत. खरीखुरी, प्रत्येक टोकाला. जालन्याचा नंबर सिस्टरच्या फोनमध्ये होता, तो फोन पुण्याला. नंबर असता तरी मी कोण म्हणून बोलले असते? तिकडं जालन्याला ती मैत्रीण फोन जवळ घेऊन बसली असेल. तिला वाटत असेल, हिंगोलीचं झाड यंदा फुललं नाही.