बंद सॉफ्टवेअरमधलं हसू

जव्हारला मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना अंड्यांचे ट्रे, एक माइक आणि एक कॉम्प्युटर. लग्नसराईत वाजणारी गाणी मी तिथे तयार करायचो. माझी मावशी मोखाड्याकडची धवलेरी, म्हणजे आमच्यात लग्न लावणारी, लग्नाची गाणी म्हणणारी बाई. तिचा आवाज रेकॉर्ड करायचं मनावर घेतलं आणि तिला जीपने घेऊन आलो.

माइकसमोर बसताच तिने विचारलं, "लगीन कुणाचा?"

"कुणाचंच नाही, मावशे. नुसतं गा."

"लगीन नाय त गाणा कशाचा?" म्हणत ती उठायलाच लागली.

शेवटी तांदळाची रास घातली, दिवा लावला आणि दोन पोरांचे आईबाप असलेले मी आणि बायको हळद लावून पुन्हा नवरा-नवरी झालो. मग मावशी खुलली. गाता गाता थांबून ती मला चिडवायची आणि बायको हसायची. एरवी ती तोंडावर पदर धरून हसणारी. त्या दिवशी पदराला हळद लागेल म्हणून तिने तोंड झाकलंच नाही.

गाणं तयार करताना ते हसू अर्थातच गाळलं. गाणं फोनाफोनांतून दाभोशाच्या पाड्यांपर्यंत पोचलं, अजून वाजतं. मूळ रेकॉर्डिंग कॉम्प्युटरात तसंच पडून राहिलं. पुढे बायको तापाने गेली. फोनमध्ये तिचे फोटो आहेत, पण व्हिडिओ काढायला गेलं की ती उठून चालू लागायची. तिचं हसणं त्या एका फाइलीत तेवढं आहे.

आणि ज्या सॉफ्टवेअरवर ती फाइल बनवली होती, ते कंपनीने बंद केलं. इतकी वर्षं साथ दिल्याबद्दल आभार मानले. त्यांचे आभार काय चाटायचेत? हे सॉफ्टवेअर अधूनमधून कंपनीची परवानगी मागायचं, आता परवानगी द्यायला तिकडे कुणी नाही. फाइल दुसऱ्या कशात उघडत नाही. ह्यात उघडते, पडद्यावर आवाजाच्या रेषा दिसतात, पण परवानगीशिवाय वाजत नाही. नाशिकचा एक जाणकार म्हणाला, कुणीतरी कधीतरी तोड काढेल, तोवर कॉम्प्युटर सांभाळा. तोवर म्हणजे कधीपर्यंत, ते त्यालाही माहीत नव्हतं. कॉम्प्युटर तर आताच धापा टाकतो. तरी मी तो चालू करतो. तिची फार आठवण येते.

परवा मावशी आली होती. तिला पडदा दाखवला. गाणं थांबतं तिथे रेषा सपाट होते आणि मग लहान लहान उंचवटे उठतात. त्यांवर बोट ठेवून म्हटलं, "ही इथे हसलीय."

मावशीने डोळे बारीक करून पाहिलं. "वाजव ना मंग."

"वाजत नाही."

मग पदर बाजूला करून, मान किंचित मागे टाकून, मावशी स्वतःच हसली.

"अशीच हसं ना रं ती?"

मी हो म्हणालो. पण तसंच होतं का, ते मला आठवेना.