पाच वाजताची काळजी

काळजी करणं हा माझा स्वभावच आहे, असं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते आणि मलाही ते पटलं होतं. कुणाचा आवाज मोठा असतो, तशी माझी काळजी मोठी. आमचं भवानी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान. हे ऑर्डर घ्यायला स्कूटरवरून अक्कलकोटला निघाले की वाटेतल्या वळसंगच्या आसपास पोचत असतील तेव्हा माझा पहिला फोन जायचा. उचलला नाही तर लगेच दुसरा. तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोर ट्रक, रस्त्यावरची गर्दी, दवाखान्याचा व्हरांडा असं सगळं येऊन गेलेलं असायचं. मग ह्यांचा वैतागलेला आवाज यायचा, की स्कूटर चालवू का फोन उचलू?

मुलगी नोकरीला पुण्याला. एकदा तिचा फोन लागेना म्हणून मी तिच्या मैत्रिणीला फोन केला आणि तिनंही उचलला नाही तेव्हा घरमालकिणीला. ती बिचारी रिक्षा करून थेट पोरीच्या ऑफिसात गेली. पोरगी मीटिंगमध्ये होती.

त्या आठवड्यात ती घरी आली. आता चांगली बोलणी बसणार म्हणून मी तयारीत होते. पण ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, तुला किती दमायला होत असेल गं."

हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी दमलेच होते. झोप उडाली होती, जबडा दुखायचा, पोटात सतत गोळा. तपासण्यांमध्ये काही निघालं नव्हतं आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही, हे काळजीचं दुखणं आहे, त्याच्या माणसाकडे दाखवा, असं सांगितलं होतं. मी ते कानाआड केलं होतं. पेठेत आपण शिंकलो तरी कोपऱ्यावरच्या दुकानात कळतं. तसल्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी पाहिलं असतं तर? पोरीनं तोही प्रश्न सोडवला. कुठं जायचंच नाही, मोबाइलसमोर बसायचं, एवढंच.

पण घरात बसायचं कुठं? वरच्या मजल्यावर जाऊबाई. त्या वयानं मोठ्या, कानांनी तरुण. शेवटी मी दुकानामागचं गोदाम निवडलं. टॉवेलच्या गठ्ठ्यांमध्ये बसलं की आवाज बाहेर जात नाही. जाऊबाईंना सांगितलं, ऑनलाइन योगाचा क्लास लावलाय.

पडद्यावर आलेल्या समुपदेशक बाई माझ्या पोरीच्याच वयाच्या निघाल्या. त्यांचा घसा बसला होता. मी आधी त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या, मग जेवलात का विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आज आपण तुमच्याबद्दल बोलू या का?" मग मी जी सुरू झाले, ती वेळ संपली तरी थांबेना.

पुढच्या काही भेटींत त्यांनी मला एकेक गोष्ट समजावली. काही काळज्या अशा असतात, की त्यांच्यासाठी आपण काहीतरी करू शकतो, ते करून मोकळं व्हावं. बाकीच्या नुसत्या डोक्यात फिरत राहतात. त्यांच्यासाठी दिवसातली एक वेळ ठरवायची. सकाळी काळजी आली, की तिला म्हणायचं, आत्ता नाही, पाच वाजता ये. मला हे फार विचित्र वाटलं. काळजी काय दूधवाली आहे, ठरल्या वेळी यायला? बाई म्हणाल्या, करून तर बघा.

करून बघायच्या आधीच जाऊबाईंनी मला पकडलं. गोदामाचं दार ढकलून त्या आत आल्या तेव्हा मी गठ्ठ्यावर बसून डोळे पुसत होते आणि हसतही होते. भेट नुकतीच संपली होती.

"ह्यो कसला योग म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगून टाकलं. त्या समोरच्या गठ्ठ्यावर टेकल्या. मला वाटलं, आता सगळ्या पेठेत कळणार. पण त्यांनी उठून दार लावलं. मग हळूच म्हणाल्या, "मला बी लई काळजी वाटती की. पाच वाजता तुज्यासंगं मी बसू काय?"

तेव्हापासून रोज पाचला आम्ही दोघी गच्चीत बसायला लागलो. चहा, कडक भाकरीचे तुकडे आणि काळजी. आळीपाळीनं मोठ्यानं बोलायची, असं आम्हीच ठरवलं. पहिले काही दिवस वेळ पुरायची नाही. पुढे गंमत व्हायला लागली. सकाळी छातीवर बसलेली काळजी पाच वाजता आठवायचीच नाही. आठवली तरी तोंडातून बाहेर पडताना तिच्यात काही दम नसायचा. एकदा दोघींकडेही काही निघेना. जाऊबाई कठड्यावरून खाली बघत म्हणाल्या, "समोरच्यांच्या पोरीचं लगीन ठरंना. आज त्येची करू या काय?" मला हसताना ठसका लागला. किती वर्षांनी आम्ही जावाजावा अशा हसत होतो कोण जाणे.

मग बाईंनी अवघड काम सांगितलं. हे अक्कलकोटला जातील तेव्हा एकदा फोन न करता राहून बघायचं. काय होईल असं वाटतं, तेही आधी सांगायचं. मी म्हटलं, अपघात होईल. बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. बघू या, म्हणाल्या.

त्या दिवशी हे निघाले आणि मी मोबाइल जाऊबाईंच्या हवाली केला. त्यांनी तो कमरेला खोचला. मी शेंगदाणे भाजले, चटणी कुटली, पुन्हा भाजले, पुन्हा कुटली. दुपारपर्यंत महिनाभर पुरेल एवढी चटणी झाली. आणि कुटता कुटताच माझ्या लक्षात आलं, की छातीतली धडधड थांबली आहे. कुणाचा फोन आला नव्हता, कुणी धीर दिला नव्हता. ती आपली आपणच खाली बसली होती. मी मुसळ हातात धरून उभीच राहिले. इतकं हलकं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात जाऊबाईंच्या कमरेला फोन वाजला. हेच होते.

"काय झालंय? फोन का नाही केलास?"

"काही नाही झालं."

"तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग घरात कुणाला काय झालंय का?"

काही नाही म्हणून मी दोनदा सांगितलं, तरी हे निम्मं काम टाकून चहाच्या वेळेला घरी हजर. येऊन आधी माझ्याकडे नीट बघितलं, मग पंख्याखाली बसले. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हा मी ह्यांना गोदामातल्या भेटींचं सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझा फोन आला, की वळसंग आलं असं कळायचं मला. आज रस्ता संपेचना."

पाच वाजत आले होते. आम्ही दोघी उठलो तसे हेही मागोमाग गच्चीत आले, न विचारता तिसरी खुर्ची ओढली आणि लोक आता चादरी मोबाइलवरून मागवतात, आपल्यानंतर दुकान कोण बघणार, हे पहिल्यांदा आमच्यासमोर बोलले. इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्या घरात काळजी करणारी मी एकटीच.

भेटी संपत आल्या तेव्हा जाऊबाईंना बाई बघायच्या होत्या. जाऊबाईंना कन्नड माहेरापासूनचं. बाई मूळच्या धारवाडकडच्या आहेत, हे कळताच दोघींचं कन्नड सुरू झालं. माझ्या माळशिरसच्या माहेरी कन्नड नाही आणि इथं येऊन शिकले ते कामापुरतं. माझ्याच उपचाराच्या वेळेत मी गप्प बसून होते आणि मला मजा वाटत होती.

काळजी अजून येते. नाही कशी येणार? पण मागच्या महिन्यात मी एकटी गाडीनं पुण्याला गेले. पोरगी ट्रॅफिकमध्ये अडकली आणि उशिरा धावत स्टेशनवर आली. लांबूनच, आई, सॉरी, तू घाबरली असशील, असं म्हणत होती. मी बाकावर शेजारच्या बाईला शेंगाचटणीत लसूण किती घालायचा ते सांगत होते. पोरीला म्हटलं, जरा थांब, ह्या ताईंना चटणी सांगून होऊ दे.