मधली जागा

उभी हयात निसर्ग रंगवण्यात गेली, पण पडदेकाकांनी उघड्यावर बसून चित्र कधी काढलं नव्हतं. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, ताणलेल्या कापडावर ते तळी, डोंगर, सूर्यास्त उतरवत. गिऱ्हाईक त्या पडद्यापुढे उभं राही आणि फोटो निघे. मग संगणक आला. हवा तो डोंगर फोटोमागे आपोआप येऊ लागला आणि काका घरी बसले.

अशात गावातल्या कलादालनानं जाहीर केलं, की संग्रहातल्या गावच्या तळ्याच्या जुन्या चित्राशेजारी त्याच जागेचं आजचं एक चित्र लावायचंय. काकांनी मनावर घेतलं. पडदेवाल्याला चित्रकार कुणी म्हटलं नव्हतं. एकदा तरी आपलं चित्र दालनाच्या भिंतीवर लागावं, असं त्यांना वाटत होतं.

तळ्याकाठी स्टूल टाकून त्यांनी चित्र काढलं आणि घरी येऊन सुनेपुढे धरलं.

"बाबा, मधे कोण येणार आहे?"

"म्हणजे?"

"दोन्हीकडे झाडं, वर ढग, मधे नुसतं धुकं. जागा कुणासाठी धरलीय?"

काकांना हसूच फुटलं. मधे गिऱ्हाईक उभं राहणार, तिथं रंग वाया घालवायचा नाही, हा स्टुडिओतला पहिला धडा. हात इथंही तसाच चालला होता.

"पण तिथं खरं आहे तरी काय?"

समोर बसूनही काकांनी तिकडे पाहिलंच नव्हतं.

चित्र देण्याचा शेवटचा दिवस उजाडला तसे ते पुन्हा तळ्यावर गेले आणि आधी फक्त मधेच पाहत बसले. तळ्यापलीकडची टेकडी अर्धी कापलेली होती. दगडाची खाण. उघड्या पडलेल्या कड्यात तांबडे, राखी, पिवळट थर. हे रंग त्यांच्या एकाही पडद्यावर नव्हते. त्यांनी घाईघाईनं ब्रश काढला.

"खाण कशाला काढलीत?" दालनाच्या प्रमुख बाईंनी विचारलं. "बाकी सगळ्यांनी ती झाडाआड घातलीय."

"आहे ना तिथं."

बाईंनी ते जुन्या चित्राशेजारी टेकवलं, मागे सरून पाहिलं, बोटाला लागलेला ओला रंग पुसला.

"हेच लावू. सुकू द्या आधी."

काका जुन्या चित्राला नाक लावून उभे होते. आता खाण आहे तिथं एक पायवाट टेकडी चढत होती.

"बाई, ही वाट वर कुठं जात असेल हो?"