हेडकाउंटला एक कमी

"सर, स्नेहल कुठंय?"

हा प्रश्न मला पाटील मॅडमनी विचारला, तेव्हा मी तिसऱ्यांदा मुलं मोजत होतो. कोलंबोमधलं समुद्राकाठचं मोठं मैदान. सुट्टीची गर्दी, पतंग, तळलेल्या कोळंबीचा वास. मोजणी दरवेळी एकनं कमी येत होती.

मी टूर मॅनेजर आहे. राहतो रेवदंड्याला, ऑफिस अलिबागला. लोकांना वाटतं, हा माणूस फुकटात जग हिंडतो. खरं तर आमचं काम म्हणजे मोजणं. बसमध्ये चढताना मोजायचं, उतरताना मोजायचं. त्याला हेडकाउंट म्हणतात. त्यात एक कमी आला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

ही बॅच हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांची. बहुतेकांचा पहिलाच विमानप्रवास. सोबत त्यांच्या पाटील मॅडम आणि तिथला आमचा गाइड नुवान. सकाळी उतरलो तो दिवस नेमका पौर्णिमेचा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. आमच्या एजंटचं दुकान बंद, त्यामुळे मुलांची सिमकार्डं दुसऱ्या दिवशी मिळणार होती. तोवर रोमिंगवर फोन चालू होते फक्त मॅडमचा आणि माझा.

स्नेहल पालीजवळच्या गावातली. वडील एसटीत मेकॅनिक. विमानात ती माझ्या पुढच्या सीटवर होती. पट्टा कसा लावायचा हे विचारायलाही लाजली, शेजारणीचं बघून लावला.

तिची मैत्रीण रडकुंडीला आली होती. "सर, ती समोरच्या मॉलमध्ये वॉशरूमला गेली. पर्स माझ्याकडे दिली. म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, आलेच मी."

म्हणजे पैसे नाहीत, हॉटेलचं कार्ड नाही, फोन असून उपयोग नाही. मॉलला दोन्ही बाजूंना दारं. ती मागच्या दारानं बाहेर पडली असणार.

मी मॅडमना मुलांसोबत तिथंच बसवलं. नुवान आणि मी मॉल पालथा घातला. सिक्युरिटीवाल्यांनी अनाउन्समेंट केली. नुवान पोलीस चौकीत वर्दी देऊन आला. मी अलिबागला शेठना फोन लावला. असं काही झालं की आधी ऑफिसला कळवायचं, हा नियम.

"पोलिसांत सांगितलंस ना? बास. घरच्यांना आत्ताच काही बोलू नकोस," शेठ म्हणाले. "सापडेल ती. उगाच तिकडे रडारड आणि इकडे आपल्या नावाचा बोभाटा."

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. समुद्रापलीकडे बसलेला बाप करणार काय? मी बरं म्हटलं. फोन ठेवतो न ठेवतो तोच तो पुन्हा वाजला. नंबर स्नेहलच्या घरचा.

"जय भीम, सर. स्नेहलचा बाबा बोलतोय. पोचल्यावर फोन करते म्हणलेली, लागत न्हाय तिचा. बरी हाय ना पोर?"

'बरी आहे' हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते. मलाही मुलगी आहे, नगरला शिकते. मी म्हणालो, "दादा, स्नेहल गर्दीत चुकलीय. आम्ही शोधतोय, पोलिसांनाही कळवलंय. अजून सापडली नाही."

त्यांनी मला एकच विचारलं.

"सर, तिकडं जवळपास विहार हाय का?"

"विहार?"

"आज पौर्णिमा. हितं असती तर आत्ता वंदनेला गेली असती. आन घाबरली का ती विहारातच जाऊन बसते, लहानपणापासून. तिची आजी वारली तवा घरभर शोधली, तर ही तिथं. बघा तरी."

मी नुवानला विचारलं. मॉलच्या मागे तळं आहे, तळ्याकाठी एक जुना विहार. आम्ही धावतच निघालो.

फाटकाशी चपलांचा ढीग होता. आत सगळीकडे पांढरे कपडे. बोधिवृक्षाखाली वाळूवर बायका ओळीनं बसल्या होत्या, आणि त्या पांढऱ्या ओळींत एक निळा पंजाबी ड्रेस. स्नेहल. तिचा हात एका म्हाताऱ्या बाईंनी घट्ट धरून ठेवलेला.

मला बघताच ती उठली आणि रडायला लागली. बाई तिच्यापुढे उभ्या राहिल्या आणि सिंहलीत मला बरंच काही बोलल्या. नुवान खाली बघत म्हणाला, "त्या विचारतायत, मुलीला असं एकटं सोडतात का? त्यांचा भाचा हॉटेलांमध्ये विचारायला गेलाय, इंडियाचा ग्रुप कुठं उतरलाय म्हणून."

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

स्नेहल सांगत होती, "रस्ताच कळेना, सर. कुणाला विचारायचीही भीती वाटली. तेवढ्यात माइकवर बुद्धं सरणं गच्छामि ऐकू आलं. चाल वेगळी होती, पण शब्द आपलेच. मी आत येऊन बसले आणि म्हणायला लागले. या आजींनी वळून बघितलं. पंचशीलापर्यंत जमलं. पुढचं खूप लांब होतं, ते मला येत नाही. मग नुसती बसून राहिले."

मी तिच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. बापलेक नुसते रडले. मग स्नेहलनं फोन आजींसमोर धरला. वडिलांनी हात जोडले, त्यांनीही जोडले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती, तरी त्या त्यांना काहीतरी समजावत राहिल्या आणि ते "व्हय, व्हय" म्हणत राहिले.

शेठनी मला परत आल्यावर बोलावून घेतलं. सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून चांगलं झापलं. नंतर चहा मागवला आणि स्वतःच स्नेहलच्या वडिलांना फोन करून माफी मागितली.

तेव्हापासून कुणी चुकलं की पोलिसांच्या पाठोपाठ मी घरी फोन करतो. माणूस घाबरल्यावर कुठे जाऊन बसतो, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. बऱ्याचदा आधी शिव्या ऐकाव्या लागतात. त्या पगारातच धरलेल्या असतात.